चिन्हरहित नाणे आणि त्याची टांकसाळ

भारतीय रुपयाचे नाणे हातात घेऊन त्यावरील सालाच्या आकड्याखाली बारकाईने पाहिले, तर बहुधा एक लहानशी खूण आढळते. ती चौकटीच्या आकाराची असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीत पाडलेले असते, तारा असेल तर हैदराबादच्या आणि वाटोळा ठिपका असेल तर नोइडाच्या. खूण मुळीच नसेल, तर ते कोलकात्याचे. तीन टांकसाळींनी आपापली खूण धारण केल्यावर चौथीला निराळ्या खुणेची गरज उरत नाही. खुणेचा अभाव हीच तिची खूण ठरते.

सोन्याच्या सॉव्हरिनच्या बाबतीतही हीच रीत होती. लंडनच्या सॉव्हरिनवर टांकसाळीचे अक्षर नसे. सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा आणि प्रिटोरिया येथील शाखांची नाणी मात्र आपापल्या अक्षरांनी ओळखली जात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश रॉयल मिंटची एक शाखा मुंबईतही उघडण्यात आली आणि १९१८ या एकाच सालाचे सॉव्हरिन तेथे पाडले गेले. संत जॉर्जच्या घोड्याच्या पायांखाली जी भूमी दाखवलेली आहे, तिच्यावर, सालाच्या वर, ‘आय’ हे रोमन अक्षर अगदी लहान आकारात उमटवलेले असते. भिंगातून ते एकदा दिसले की वाद मिटतो. नाणे कोणाच्या पेटीतून आले, किती हातांतून फिरले, याची चौकशी करावी लागत नाही. त्याची साक्ष त्याच्याच अंगावर कोरलेली असते.

अशी साक्षच जेथे नसते, तेथे काय करावे? हा प्रश्न अमेरिकेच्या ‘सिल्व्हर ईगल’ या चांदीच्या नाण्याने नाणकशास्त्राच्या अभ्यासकांपुढे उभा केला.

१९८५ च्या कायद्यान्वये हे नाणे निर्माण झाले आणि १९८६ पासून ते पाडले जाऊ लागले. एक ट्रॉय औंस, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम वजन, ९९९ शुद्धतेची चांदी, ४०.६ मिलिमीटर व्यास आणि एक डॉलर हे केवळ नाममात्र दर्शनी मूल्य, असे त्याचे स्वरूप. ते दोन प्रकारांत निघते. संग्राहकांसाठी झळाळत्या पृष्ठभागाचे जे ‘प्रूफ’ नाणे काढले जाते, त्यावर टांकसाळीचे अक्षर असते. बुलियन म्हणून, अर्थात चांदीचा साठा करू इच्छिणाऱ्यांसाठी, जे लाखोंच्या संख्येने पाडले जाते, त्यावर मात्र अक्षर नसते. यामागील विचार सरळ आहे. बुलियन घेणारा चांदी विकत घेतो, इतिहास नव्हे. चांदीचा तुकडा कोठे पाडला गेला याच्याशी त्याला काय कर्तव्य?

परंतु संग्राहकाला कर्तव्य असते. २०११ पासून वेस्ट पॉइंट येथील टांकसाळीच्या जोडीने सान फ्रान्सिस्को येथेही ही बुलियन नाणी पाडली जाऊ लागली. नंतरच्या काळात फिलाडेल्फियाचाही हातभार लागला. तिन्ही ठिकाणची नाणी अक्षरविरहित. कोलकात्याची युक्ती येथे चालत नाही, कारण चौघींपैकी एकीच्याच कपाळी खूण नसणे आणि सगळ्यांचीच कपाळे कोरी असणे यांत मोठा फरक आहे. चित्र एक, धातू एक, वजन एक, व्यास एक. भिंग आणि तराजू यांना जे विचारायचे ते विचारून झाले, तरी टांकसाळीचे नाव काही निघत नाही.

प्रतवारी करणाऱ्या संस्थांनी यावर जो मार्ग काढला, तो नाण्याकडे पाहण्याचा नसून नाण्याच्या वेष्टणाकडे पाहण्याचा आहे. अमेरिकेत अशा दोन संस्था प्रमुख आहेत. पीसीजीएस १९८६ साली सुरू झाली आणि एनजीसी १९८७ साली. १ ते ७० या श्रेणीवर नाण्याची प्रत ठरवायची, पारदर्शक प्लास्टिकच्या कठीण आवरणात ते मोहोरबंद करायचे आणि आत एक चिठ्ठी ठेवायची, हे त्यांचे नित्याचे काम होय.

टांकसाळीतून ही नाणी थेट सामान्य ग्राहकाला मिळत नाहीत. काही अधिकृत घाऊक खरेदीदार ती उचलतात आणि पुढे व्यापाऱ्यांना विकतात. वीस नाण्यांची एक नळी आणि अशा पंचवीस नळ्यांचा एक हिरवा खोका, या हिशेबाने एका खोक्यात ५०० नाणी असतात. खोका पट्ट्यांनी आवळलेला असतो आणि त्यावर क्रमांक असतो. पट्ट्या न कापलेला असा खोका संस्थेकडे आला, तर त्यावरील लेबल व क्रमांक पाहून त्याची टांकसाळ ठरवली जाते. मग संस्थेच्याच देखरेखीखाली पट्ट्या कापल्या जातात आणि आतील नाण्यांच्या चिठ्ठ्यांवर टांकसाळीचे नाव नोंदले जाते. येथे एक प्रामाणिक संकेत पाळला जातो: टांकसाळीचे अक्षर कंसात लिहितात. ‘२०१५-(पी)’ याचा अर्थ असा की नाणे फिलाडेल्फियाचे आहे, परंतु ‘पी’ हे अक्षर नाण्यावर नाही. चिठ्ठीतील तो कंस पुष्कळ खरेदीदारांच्या नजरेतून निसटतो, हे मात्र खेदाचे आहे.

या पद्धतीचे बळ आणि दौर्बल्य २०१५ च्या नाण्यांनी एकदमच उघड केले. त्या साली सुमारे ४ कोटी ७० लाख सिल्व्हर ईगल विकले गेले. त्यांपैकी ७९,६४० नाणी फिलाडेल्फियात पाडली गेली होती, ही गोष्ट बाहेर आली ती २०१७ साली, शासकीय माहिती मागण्याच्या कायद्याखाली केलेल्या पृच्छेच्या उत्तरातून. म्हणजे सुमारे ५९० नाण्यांमागे एक. ही संख्या कळताच त्या नाण्यांचे मोल धातूच्या किमतीच्या अनेक पट झाले. परंतु मधल्या दोन वर्षांत ज्या खोक्यांच्या पट्ट्या कापल्या गेल्या होत्या आणि ज्यांच्या नळ्या सुट्या विकल्या गेल्या होत्या, त्यांतील नाण्यांचे मूळ आता कोणी सांगू शकत नाही. एखाद्या गृहस्थाच्या तिजोरीत त्यांतील वीस नाणी आजही पडून असतील. ती त्याने चांदीच्या भावात घेतली आणि चांदीच्याच भावात तो विकील. नाणे तेच असते, साक्षीदार तेवढा नाहीसा झालेला असतो.

२०२० साली माहिती वेळेवर मिळाली. कोविडच्या साथीमुळे वेस्ट पॉइंटचे काम काही काळ थांबवावे लागले, तेव्हा ८ ते २० एप्रिल या दिवसांत फिलाडेल्फियाने २,४०,००० नाणी पाडली. त्यांचे ४८० खोके भरले आणि त्यांना ४,००,००० ते ४,००,४७९ हे क्रमांक मिळाले. हे क्रमांक प्रसिद्ध झाल्यामुळे संस्थांना प्रत्येक खोका नेमका ओळखता आला, आणि ‘तातडीची निर्मिती’ अशी नोंद त्या चिठ्ठ्यांवर आली.

तरीही ही साक्ष दुसऱ्या हाताची आहे, हे विसरून चालत नाही. टांकसाळीचे क्रमांक मूलतः तिच्या अंतर्गत हिशेबासाठी असतात, संग्राहकांच्या सोयीसाठी नव्हेत. ‘प्रथम पाडलेली नाणी’ म्हणून जी विक्री चालते, तिच्याबाबत टांकसाळीने स्वतःच खुलासा केला आहे की कोणती नाणी आधी पाडली व कोणती मागाहून, याचा माग ती ठेवत नाही. खोक्यावरील तारीख ही भरणीची असते. वेष्टणावरून काढलेला निष्कर्ष वेष्टणाइतकाच पक्का असतो. पट्टी बदलता येते, लेबलाची नक्कल करता येते. म्हणून खोका कोणाकडून व कोणत्या वाटेने आला हे पाहण्याची दक्षता संस्थेला घ्यावी लागते, आणि त्या दक्षतेवरच खरेदीदाराला विसंबावे लागते.

मोहोरबंद आवरण फोडून नाणे बाहेर काढले, तर त्याची प्रत पुन्हा तपासून घेता येते, कारण ओरखडे आणि झळाळी नाण्यावरच असतात. त्याची टांकसाळ मात्र तपासून घेता येत नाही. ती चिठ्ठीबरोबर जाते. २०२१ च्या मध्यास या नाण्याची मागील बाजू बदलली, तेव्हा बनावट नाणी ओळखता यावीत म्हणून कडेवरील खाचांच्या रांगेत एके ठिकाणी मुद्दाम खंड ठेवण्यात आला. नाणे अस्सल आहे की नाही, हे त्यावरून समजण्यास मदत होते. ते कोठे पाडले गेले याविषयी ती कडही मौनच पाळते.