धाकट्या भावंडांबरोबर पुणे

मंचरहून पुणे सुमारे ६० किलोमीटर आहे. सुट्टीत अम्मी-अब्बांबरोबर तुम्ही पुणे पाहायला जाल. धाकटी भावंडेही बरोबर असतील. तेव्हा एका दिवसात सारे शहर पाहण्याचा हट्ट धरू नका. लहान मुले लवकर थकतात, रडू लागतात. म्हणून दोनच ठिकाणे निवडा.

सकाळी, ऊन वाढण्यापूर्वी, कात्रजचे प्राणिसंग्रहालय पाहा. ते बुधवारी बंद असते. दुपारी राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयात जा. तेथे जुने दिवे, अडकित्ते, वाद्ये आणि भांडी आहेत. डॉ. दिनकर केळकर यांनी ती ठिकठिकाणी फिरून जमवली. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याच्या स्मरणार्थ संग्रहालयाला त्याचे नाव दिले आहे. १९७५ साली केळकरांनी हा ठेवा महाराष्ट्र शासनाला दिला.

गर्दीत धाकट्यांचा हात सोडू नका. अब्बांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवा. चुकामूक झाली तर आहे तेथेच थांबायचे, हे निघण्यापूर्वीच त्यांना शिकवा. मूल सापडत नसेल तर लगेच पोलिसांना सांगा. १०९८ या क्रमांकावरही मुलांसाठी मदत मिळते.

सहलीत थोडे पाहिले तरी चालेल; पण सर्वांनी हसतखेळत घरी परतले पाहिजे.

शब्दार्थ : ठेवा – मौल्यवान संग्रह, चुकामूक होणे – एकमेकांची भेट न होणे, स्मरणार्थ – आठवणीसाठी.

स्वाध्याय : धाकट्या भावंडांना घेऊन सहलीला जाताना तुम्ही कोणती काळजी घ्याल? पाच वाक्ये लिहा.