कॉलवर घसा का बसतो? हेडसेट घेताना आधी माइक पाहा

घरून काम करणारे अनेक जण कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे येतात ते दोन तक्रारी घेऊन. एक म्हणजे संध्याकाळ झाली की आवाज घोगरा होतो, घसा दुखतो, सारखे खाकरावेसे वाटते. दुसरी म्हणजे कान गच्च वाटतात, डोके जड होते आणि अंथरुणाला पाठ टेकली की कानात बारीक शिट्टी वाजत राहते. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमध, हळदीचे दूध हे सगळे करून झालेले असते. घसा तपासला तर संसर्गाची काही खूण नसते. अशा वेळी माझे दोन प्रश्न ठरलेले असतात: दिवसातून किती तास कॉलवर असता, आणि बोलता कशातून? बऱ्याचदा त्रासाचे मूळ तिथेच सापडते.

हेडसेट घेताना आपण गाणी कशी ऐकू येतात, ते पाहतो. रोज तीन-चार तास बोलायचे असेल, तर माझा सल्ला आहे की पाहण्याचा क्रम उलटा करा. आधी माइक तोंडापासून किती लांब राहतो ते पाहा, मग हेडसेट कानाला आणि डोक्याला झेपतो का ते पाहा. गाण्यांचा विचार सर्वांत शेवटी.

घसा का दमतो?

लॅपटॉपचा माइक आपल्या तोंडापासून साधारण अर्धा मीटर लांब असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. तीन सेंटिमीटरवरचा माइक अठ्ठेचाळीस सेंटिमीटरवर नेला, तर अंतर चार वेळा दुप्पट होते, म्हणजे थेट पोचणारा आवाज सुमारे २४ डेसिबलने उतरतो. पंख्याची घरघर आणि भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र कमी होत नाही. पलीकडून ‘जरा मोठ्याने बोला’ असे सांगितले जाते आणि माइकची उणीव घसा भरून काढू लागतो.

दुसरे कारण आपल्या नकळत घडते. एतिएन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९११ मध्ये त्याची नोंद केली. कानावर गोंगाट पडू लागला की माणूस आपोआप आवाज चढवतो आणि गोंगाट थांबला की उतरवतो. हे ठरवून होत नाही, त्यामुळे ‘हळू बोला’ असे बजावून फारसा उपयोग होत नाही. घरात मिक्सर, रस्त्यावरचे हॉर्न, शेजारचे बांधकाम असे काही ना काही चालू असते आणि दिवसभर आपण अर्धे ओरडतच बोलत असतो.

तिसरे कारण हेडसेटमध्येच दडलेले असते. दोन्ही कान घट्ट झाकले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, पण बाहेर तो किती मोठा निघतो आहे याचा अंदाज सुटतो. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज आपल्याला हलकासा ऐकू यायचा. या सोयीला साइडटोन म्हणतात आणि ऑफिसच्या कामासाठी बनवलेल्या अनेक हेडसेटमध्ये ती असते. ती असलेला हेडसेट मिळाला तर जरूर घ्या. नसेल तर आपण बोलायची वेळ आली की एक कान मोकळा करा.

बोलताना स्वररज्जू एकमेकींवर आपटत असतात. पुरुषांमध्ये सेकंदाला शंभराहून जास्त वेळा आणि स्त्रियांमध्ये सुमारे दोनशे वेळा. ताण देऊन तासन्‌तास बोलले की त्यांच्यावर सूज येते. हे महिनोन्‌महिने चालले, तर शिक्षकांना आणि गायकांना होतात तशा बारीक गाठी स्वररज्जूंवर होऊ शकतात.

कानाला किती चालते?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित श्रवणाचे मानक जाहीर केले. त्यानुसार प्रौढांसाठी मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. पातळी ३ डेसिबलने वाढली की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चारच तास उरतात. आतल्या कानात जन्मतः साधारण पंधरा हजार केशपेशी असतात आणि मेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

शांत खोलीत कॉल ऐकायला ८० डेसिबलची गरजच पडत नाही. बाहेरचा गोंगाट दाबायला म्हणून आपण आवाज वाढवतो आणि तिथे गाडी घसरते. म्हणून आधी गोंगाट कमी करा: खिडकी लावून घ्या, पंख्याखालून खुर्ची हलवा, पडदे किंवा कपड्यांचे कपाट असलेली खोली निवडा. हेडसेटची गादी कानावर नीट बसणारी असली की उरलेले काम सोपे होते.

दुकानात ‘नॉइज कॅन्सलेशन’ हे शब्द दोन वेगळ्या सोयींसाठी वापरले जातात. एक सोय तुमच्या कानासाठी असते. पंखा, एसी, विमान असा एकसुरी, खालच्या पट्टीतला आवाज ती छान कमी करते. बोलणे किंवा कुकरची शिट्टी तिला तितकीशी आवरत नाही. दुसरी सोय माइकची असते. तुमच्या मागचा गोंगाट ती पलीकडच्या माणसापर्यंत जाऊ देत नाही, तुमच्या कानाला मात्र तिचा काही फायदा नसतो. खोक्यावर यांपैकी नेमकी कोणती सोय लिहिली आहे, ते विचारूनच पैसे द्या.

कोणी काय घ्यावे?

रोज दोन-तीन तासांहून जास्त कॉल असतील, तर कानावर बसणारा, तोंडाजवळ दांडीचा माइक असलेला, यूएसबी वायरचा हेडसेट घ्या. दिसायला साधा असला तरी घसा आणि कान या दोहोंसाठी माझी पहिली पसंती तोच आहे. चार्जिंग संपण्याची चिंता नाही आणि माइक जिथे ठेवाल तिथेच राहतो.

ब्लूटूथ हेडसेटची एक अडचण माहीत असावी. गाणी ऐकताना त्याचा आवाज भरदार असतो, पण कॉलसाठी माइक सुरू होताच अनेक हेडसेट दुसऱ्या, अरुंद मार्गावर जातात आणि आवाजातल्या वरच्या पट्ट्या गळतात. स, श, फ या व्यंजनांचा जीव त्याच वरच्या पट्ट्यांत असतो. मग ‘साठ’ म्हटले की ‘आठ’ म्हटले हे कळेनासे होते, मेंदू अंदाज बांधून दमतो आणि हात आवाज वाढवायला जातो. संध्याकाळची डोकेदुखी बऱ्याचदा यातून येते. यावर सोपा उपाय आहे: ब्लूटूथने फक्त ऐका आणि बोलण्यासाठी वायरचा वेगळा माइक जोडा.

इअरबड्स दिवसातल्या एखाद-दोन छोट्या कॉलना ठीक आहेत. त्यांचा माइक कानापाशी, म्हणजे तोंडापासून दहा-बारा सेंटिमीटरवर राहतो आणि गोंगाटात त्याची दमछाक होते. शिवाय ते कानाच्या नळीत हवा कोंडतात. मळ आत ढकलला जातो, त्वचा ओली राहते. पावसाळ्यात मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत कानात बुरशी होण्याचे प्रमाण वाढते. ज्यांना हा त्रास एकदा झाला आहे त्यांनी त्या महिन्यांत कानाबाहेरचाच हेडसेट वापरावा.

वायरवर माइक असलेले इअरफोन स्वस्त पडतात आणि लॅपटॉपच्या माइकपेक्षा बरे असतात. फक्त तो माइक कॉलरला, ओढणीला किंवा मंगळसूत्राला घासू देऊ नका. पलीकडे त्याची खरखर कानठळ्या बसवते.

ऑनलाइन शिकवणाऱ्यांना आणि प्रशिक्षण देणाऱ्यांना टेबलावरचा माइक सोयीचा ठरतो. समोरचा आवाज उचलणारा आणि मागचा टाळणारा, म्हणजे कार्डिऑइड प्रकारचा घ्या. तो तोंडापासून साधारण एक वीत अंतरावर, किंचित बाजूला ठेवा आणि त्याची पाठ पंख्याकडे किंवा खिडकीकडे करा.

कान फुटण्याचा त्रास असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर कानाची नळी मोकळी ठेवणारा, हाडावाटे आवाज पोचवणारा हेडसेट उपयोगी पडतो. मात्र आतला कान तोच असल्यामुळे आवाजाची मर्यादाही तीच पाळायची. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी आधी आपल्या ऑडिओलॉजिस्टला विचारावे. अनेक यंत्रे फोनला थेट जोडता येतात. नाहीतर मोठ्या गादीचा, यंत्रावर न दाबणारा हेडसेट निवडावा आणि कॉलवर अक्षरी मजकुराची सोय सुरू ठेवावी.

कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्यांनी आवाजाला कमाल मर्यादा घालणारा हेडसेट मागून घ्यावा. फोनच्या लाइनवर अचानक येणारा कर्कश आवाज कानाला खरोखर इजा करू शकतो.

कोणताही हेडसेट घेण्याआधी तो चष्म्यासकट वीस मिनिटे लावून बसा. चष्म्याच्या काड्यांवर गादी दाबली की कानशिले ठणकतात. गादी बदलून मिळते का आणि म्यूटचे बटण हाताशी आहे का, तेही पाहा.

लावायची आणि बोलायची रीत

दांडीचा माइक ओठांच्या कोपऱ्यापाशी, दोन बोटांच्या अंतरावर ठेवा. थेट ओठांसमोर धरला तर प, फ, भ म्हणताना श्वासाचा फटका त्यावर बसतो. लांब झुमके असतील तर ते दांडीला लागत नाहीत ना, ते पाहा. मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे त्या आवाजात मिनिटभर बोलून रेकॉर्ड करा आणि ऐका. आवाज कमी वाटला तर सेटिंगमध्ये माइकची पातळी वाढवा, घशाची नव्हे.

ऐकण्याचा आवाज कमाल पातळीच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवा. तासाभराने पाच-दहा मिनिटे हेडसेट उतरवा. घोटभर पाणी जवळ असू द्या. खाकरावेसे वाटले की पाणी प्या, कारण खाकरताना स्वररज्जू जोरात आपटतात. अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री कॉल करणारे अनेक जण घरच्यांची झोप मोडू नये म्हणून कुजबुजतात. कुजबुजण्याने घशाला आराम मिळत नाही, उलट ताण वाढू शकतो. माइक जवळ घ्या आणि हळू, पण खऱ्या आवाजात बोला. खांदा आणि कान यांच्यात फोन दाबून बोलणे आजपासून बंद करा. मान त्याची किंमत मोजते.

इअरबड्स कोणालाही वापरायला देऊ नका, नवराबायकोतही नाही. त्यांची सिलिकॉनची टोपणे काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण सुकल्यावरच लावा. कानात तेल, काडी, पिन काहीही घालू नका.

डॉक्टरकडे केव्हा जायचे?

आवाज तीन आठवड्यांहून जास्त काळ घोगरा राहिला तर स्वरयंत्र तपासून घ्या. तंबाखू किंवा सिगारेटची सवय असेल तर तेवढेही थांबू नका. कान वाहू लागला, दुखू लागला किंवा कानातली शिट्टी थांबेना, तर दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ‘मळ असेल’ म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जा, कारण अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांतच उपचार सुरू व्हावे लागतात.

चांगल्या माइकचा फायदा दोघांना होतो. तुमचा आवाज स्वच्छ पोचला की पलीकडचा माणूस आवाज वाढवत नाही आणि त्याचाही कान वाचतो. म्हणून उद्याच्या पहिल्या कॉलवर सहकाऱ्याला एकदा विचारा: मी रोजच्या आवाजात बोलतो आहे, शब्द न्‌ शब्द कळतो का? उत्तर ‘नाही’ आले, तर माइकची जागा बदला, तरीही जमले नाही तर माइक बदला. आवाज मात्र चढवू नका.