घरातला कोणता बल्ब आधी बदलायचा? – विजेच्या हिशोबाचा एक पाठ



दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन येतो. शाळेत घोषणा होतात, 'वीज वाचवा' असं फळ्यावर लिहिलं जातं, एखादी चित्रकला स्पर्धा होते. मुलं टाळ्या वाजवून घरी जातात आणि घरात पिवळा बल्ब जळतच राहतो. याचं कारण साधं आहे. वीज वाचवा असं आपण सांगतो, पण किती, कुठे आणि कशी याचा हिशोब मुलांच्या हाती देत नाही. चौथी-पाचवीच्या मुलाला गुणाकार येतो, म्हणजे हा हिशोब त्याला येऊ शकतो. त्यासाठीच हा पाठ.

पिवळा बल्ब म्हणजे छोटी शेगडीच

पिवळ्या बल्बमध्ये एक बारीक तार असते. वीज गेली की ती तापून लाल-पिवळी होते आणि उजेड देते. पण त्याला दिलेल्या विजेतला फार थोडा भाग, शंभरातले जेमतेम पाच भाग, उजेड होतो. बाकी सगळी उष्णता. मुलांना हे पटवायला प्रयोगाची गरज नाही. पोल्ट्रीत लहान पिल्लांना ऊब द्यायला कोणते बल्ब लावतात, एवढंच विचारा. गावातली मुलं लगेच सांगतात, "पिवळे!" पिल्लांना जी ऊब लागते, तीच आपण वैशाख महिन्यात घरात विकत घेत असतो.

एलईडीमध्ये तार तापवायची नसते. त्यातल्या छोट्या चकतीतून वीज वाहिली की थेट उजेड पडतो. लाल आणि हिरवे एलईडी पूर्वीपासून होते, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी लागत होता. तो तयार करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी, ५ जानेवारी २०१५ ला, आपल्याकडे उजाला योजना सुरू झाली. बाजारात तीनशे-साडेतीनशेला मिळणारा बल्ब या योजनेत सत्तर-ऐंशी रुपयांपर्यंत आला आणि देशभरात ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. महावितरणचं लाईट बिल दाखवून घेतलेले ते बल्ब अनेकांना आठवत असतील.

फळ्यावरचं सूत्र

वॅट × तास = वॅट-तास. असे १००० वॅट-तास झाले की मीटरवर १ युनिट पडतं.

आता समजा, एका घरात चार बल्ब आहेत. मुलांकडून हा हिशोब करून घ्या:

ओसरी: ६० वॅट × ६ तास = ३६०
स्वयंपाकघर: ६० वॅट × ४ तास = २४०
देवघरातला झिरो बल्ब: १५ वॅट × १० तास = १५०
न्हाणी: ६० वॅट × अर्धा तास = ३०

रोजचे ७८० वॅट-तास, म्हणजे ३० दिवसांचे २३.४ युनिट.

इथे थांबून एक प्रश्न विचारा: झिरो बल्बची वीज शून्य आहे का? बहुतेक मुलं 'हो' म्हणतात, आणि मोठी माणसंही. नाव झिरो असलं तरी जुना तारेचा झिरो बल्ब साधारण १५ वॅटचा असतो. वर पाहा, रात्रभर जळणारा झिरो बल्ब न्हाणीतल्या ६० वॅटच्या बल्बपेक्षा पाचपट वीज खातो! या पाठाचा गाभा हाच आहे. नुसते वॅट पाहून चालत नाही, तासही पाहावे लागतात. म्हणून आधी सगळ्यात मोठा बल्ब शोधू नये, ज्याचा गुणाकार मोठा येतो तो बल्ब आधी बदलावा.

बदलल्यावर काय होतं?

ओसरी आणि स्वयंपाकघरात ९ वॅटचे एलईडी लावले आणि देवघरात अर्ध्या वॅटचा छोटा एलईडी. न्हाणीतला जुना तसाच राहू द्या.

ओसरी ५४, स्वयंपाकघर ३६, देवघर ५, न्हाणी ३०. एकूण १२५ वॅट-तास, महिन्याला ३.७५ युनिट.

२३.४ मधून ३.७५ वजा केले की १९.६५ युनिट वाचले. युनिटला ५ रुपये धरले तर महिन्याला साधारण ९८ रुपये. तिन्ही बल्बना मिळून २५० रुपये गेले तरी तीन महिन्यांत वसूल. "चांगला चालू बल्ब कशाला काढायचा?" असं आजी-आजोबा म्हणतात, त्यांना हाच हिशोब दाखवायचा. चालू बल्ब फुकट नसतो, त्याची किंमत दर महिन्याच्या बिलात येत असते.

पालकांसाठी: बिलातली १०० ची रेघ

महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो आणि १०१ ते ३०० युनिटांचा दर त्याच्या दुपटीहून जास्त. शंभरच्या पुढे गेलं की सगळंच बिल दुप्पट होतं असं काही जण समजतात, तसं नाही. फक्त शंभरच्या वरची युनिटं महाग पडतात. समजा एखाद्या घराचा वापर ११२ युनिट आहे. त्यातली १२ युनिटं महाग दरानं लागली. वरच्या हिशोबानं वापर ९२ वर आला, तर ती महागडी १२ युनिटं पूर्ण गेली. म्हणून थोड्या युनिटांचा फरकही शंभराच्या काठावरच्या घराला मोठा असतो. दर वेळोवेळी बदलतात, तेव्हा आपल्याच बिलावरचे आकडे घेऊन हिशोब करावा.

विकत घेताना

दुकानात फक्त वॅट विचारू नका, खोक्यावरचे लुमेन पाहा. लुमेन म्हणजे उजेडाचं माप. ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ते ८०० लुमेन देतो. ९ वॅटच्या चांगल्या एलईडीनं तेवढा किंवा जास्त उजेड द्यायला हवा. मुलं ज्या दिव्याखाली अभ्यास करतात तिथे हे नक्की पाहा, वीज वाचवायच्या नादात उजेड कमी नको. बीआयएसची खूण आणि स्टार लेबल बघा, दुकानदाराकडून पावती घ्या. वॉरंटीत बल्ब गेला तर तीच कामी येते.

घरात जुने सीएफएल असतील तर ते फुटू देऊ नका, त्यात थोडा पारा असतो. फुटलाच तर खिडक्या उघडा, तुकडे हाताने किंवा झाडूने न गोळा करता जाड पुठ्ठ्याने उचला. आणि बल्ब बदलण्याचं काम मोठ्यांनीच, मेन स्विच बंद करून करायचं.

वर्गात घेताना

मुलांना आठवडाभर 'दिव्यांची वही' करायला द्या: दिवा, वॅट, रोजचे तास, गुणाकार. वर्गात कुणाच्या घरचं बिल मात्र वाचायचं नाही. कुणाकडे एकच दिवा असतो, कुणाचं बिल थकलेलं असतं. बिल वाचायला शिकवायचं तर शिक्षकांनी फळ्यावर नमुना बिल काढावं.

शेवटी एक गणित जरूर द्या. ६० वॅटचा बल्ब दीड तास आणि ९ वॅटचा बल्ब दहा तास, कोण जास्त वीज खातं? दोघंही ९० वॅट-तास! एलईडी आहे म्हणून रात्रभर चालू ठेवला तर बचत तिथेच संपते. आपली वीज जवळच्या पारस किंवा भुसावळच्या दीपनगरसारख्या केंद्रांत कोळसा जाळून होते, आणि एका युनिटमागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जातो. हे एकदा कळलं की बटन बंद करायला मुलांना सांगावं लागत नाही, उलट तीच घरच्यांना सांगतात.