नोकरीचे खोटे बोलावणे कसे ओळखावे?

(अभ्यासासाठी वाचन : मत्तय २०:१-१६, उत्पत्ती २९:१५-३० आणि ३१:७, प्रेषितांची कृत्ये ८:१८-२४)



दरवर्षी उन्हाळ्यात विद्यापीठाच्या परीक्षा आटोपतात, पुढे निकाल लागतात आणि आपल्या घरांतली मुले-मुली पदवीधर होतात. पेढे वाटून होतात आणि मग घरीदारी एकच प्रश्न सुरू होतो, "आता पुढे काय?" वरूडला संत्र्याचा व्यापार आहे, शेती आहे, दुकाने आहेत, पण बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेल्या साऱ्यांना पुरतील एवढ्या नोकऱ्या येथे नाहीत. म्हणून डोळे अमरावती, नागपूर, पुण्याकडे लागतात. नेमक्या याच दिवसांत मोबाईलवर निरोप येतो, "अभिनंदन! आपली निवड झाली आहे." हा निरोप खरा की खोटा, हे ओळखायला शिकणे हा आजच्या आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

१. द्राक्षमळ्याचा धनी

प्रभू येशूने सांगितलेला मळेवाल्याचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. त्यातून देवाच्या उदारपणाचा बोध होतो. पण आज त्यातल्या धन्याची कामावर घेण्याची रीत तेवढी पाहू. तो स्वतः बाजारचौकात येतो. काम कुठे आहे ते सांगतो. सकाळच्या मजुरांशी एक दीनार रोज ठरवतो आणि उशिरा आलेल्यांना योग्य ते देण्याचा शब्द देतो. संध्याकाळ झाली की कारभाऱ्याला सांगून पैसे चुकते करतो. कामावर घेण्यासाठी त्याने एकाही मजुराकडून काही घेतले नाही. खऱ्या मालकाची ओळख ही अशी आहे.

आपल्या भागात हे समजावून सांगायला वेगळे उदाहरण नको. संत्र्याचा बगिचा घेणारा व्यापारी सौदा ठरला की शेतकऱ्याला इसार देतो. "तुझी संत्री मी घेतो, त्यासाठी तूच मला आधी पाच हजार दे," असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला कोणीही शेतकरी बांधावरूनच परत पाठवील. नोकरी म्हणजेही सौदाच आहे. श्रम आपले, घेणारा मालक. मग पैसा कोणाकडून कोणाकडे जायला हवा? हा साधा हिशेब बगिच्यात आपल्याला कळतो, पण मुलाच्या नोकरीपुढे तो आपण विसरतो.

त्याच दाखल्यात अकराव्या तासापर्यंत चौकात उभे राहिलेले मजूर आहेत. आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही, एवढेच त्यांचे उत्तर आहे. आजच्या कितीतरी पदवीधरांचे दुःख हेच आहे. त्या चौकात धनी येतो, तसा ठगही येतो. ज्याची उमेद खचत चालली आहे त्यालाच तो हेरतो.

२. लाबानची रीत

पवित्र शास्त्रात नोकरीतल्या फसवणुकीचीही गोष्ट आहे. याकोबाने राहेलीसाठी सात वर्षे चाकरी केली आणि लाबानने त्याच्या पदरात लेआ घातली. वर आणखी सात वर्षांची अट! पुढे याकोब आपल्या बायकांना सांगतो की लाबानने दहा वेळा वेतन बदलले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, फसवणारा परका नव्हता, सख्खा मामा होता. दुसरी, एकदा सात वर्षे घातल्यावर याकोबाला मागे फिरता आले नाही. आजचा ठगही असेच करतो. आधी पाचशे रुपये फॉर्मचे, मग दोन हजार पोलीस पडताळणीचे, मग पंधरा हजार अनामत. "आता एवढे भरले, तर हेही भरू," असे म्हणत घर खोलात जाते.

३. फसवणुकीचे चार प्रकार

(अ) सरकारी नोकरीचा दलाल. डिसेंबर २०२२ मध्ये उघड झालेले प्रकरण पाहा. तामिळनाडूच्या २८ तरुणांना रेल्वेत नोकरी लावून देतो म्हणून दिल्लीला नेण्यात आले. त्यांतले बहुतेक इंजिनिअरिंग किंवा तांत्रिक शिक्षण घेतलेले होते. प्रत्येकाकडून २ लाखांपासून २४ लाखांपर्यंत, एकूण सुमारे २ कोटी ६७ लाख रुपये घेतले गेले. जून-जुलै २०२२ मध्ये नवी दिल्ली स्थानकावर महिनाभर, रोज आठ तास, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजण्याचे काम त्यांना देण्यात आले. हेच प्रशिक्षण, असे त्यांना सांगितले होते. स्थानक खरे, गाड्या खऱ्या, नोकरी मात्र खोटी! आपल्या महाराष्ट्रातही मंत्रालयात लिपिकाची जागा देतो म्हणून जे. जे. रुग्णालयात उमेदवारांची वैद्यकीय तपासणी घडवून आणल्याची प्रकरणे वर्तमानपत्रांत आली आहेत. म्हणून मोठी इमारत, शिपायाचा सलाम किंवा साहेबाची केबिन पाहून भुलू नये. ज्या इमारतीत कोणालाही जाता येते, ती इमारत कशाचाही पुरावा नसते.

(आ) खाजगी कंपनीच्या नावाने शुल्क. नोकरीच्या संकेतस्थळांवर आपली मुले नाव, फोन, शिक्षण सारे भरतात. ती माहिती ठगांच्या हाती लागते. मग नामांकित कंपनीचे बोधचिन्ह असलेले नेमणूकपत्र येते. मुलाखत फोनवर पाच मिनिटांत किंवा नुसती व्हॉट्सॲपवर लिहून होते. त्यानंतर लॅपटॉपसाठी, गणवेशासाठी, प्रशिक्षणासाठी "परत मिळणारी" रक्कम मागितली जाते. ती परत मिळत नाही.

(इ) घरबसल्या काम. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला चांगला अभिप्राय द्या आणि पैसे मिळवा, असा निरोप येतो. सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर जमा होतात. हे आमिष असते. मग मोठ्या "टास्क"साठी आपल्याकडून पैसे भरून घेतले जातात. पडद्यावर नफा वाढताना दिसतो, पण काढता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने असल्या अर्धवेळ कामाच्या आणि गुंतवणुकीच्या फसवणुकीतल्या शंभराहून अधिक संकेतस्थळांवर बंदी घातली. तरी नवी नावे घेऊन ती येतच राहतात. दुसरा प्रकार डाटा एंट्रीचा. काम पूर्ण केले की "चुका जास्त आहेत, करार मोडला, दंड भरा" म्हणून वकिलाच्या नावाची नोटीस येते. घाबरून मुले पैसे भरतात. तिसरा प्रकार सर्वांत घातक आहे. "तुमच्या बँक खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा, कमिशन ठेवा," हीच नोकरी! ते पैसे दुसऱ्या कोणाच्या तरी फसवणुकीचे असतात आणि पोलीस आपल्या मुलाच्या दाराशी येतात.

(ई) परदेशातली नोकरी. थायलंडमध्ये संगणकावरचे काम, मोठा पगार, राहणे-जेवण फुकट, असे सांगून तरुणांना नेतात आणि तेथून म्यानमारच्या म्यावड्डी भागात पोहोचवतात. पासपोर्ट काढून घेतला जातो आणि मारहाणीच्या धाकाने इतरांना फोनवरून फसवण्याचे काम करवून घेतले जाते. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी दोन दिवसांत २८३ आणि २६६, असे ५४९ भारतीय परत आणले. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागाने तेथून ६० हून अधिक भारतीयांची सुटका केल्याचे जाहीर केले. पालकांनी एक गोष्ट समजून घ्यावी. दहावी उत्तीर्ण झालेल्याच्या पासपोर्टला परदेशी नोकरीसाठी सरकारी उत्प्रवास परवान्याची अट लागत नाही. ही सवलत आहे खरी. पण यामुळे निघण्याआधी कागद तपासणारा सरकारी अधिकारी मध्ये येत नाही आणि तपासणीची जबाबदारी घरावर पडते.

४. तपासण्याच्या खुणा

प्रभूने शिष्यांना सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे निष्कपट व्हायला सांगितले (मत्तय १०:१६). श्रद्धा म्हणजे भोळेपणा नव्हे. पुढील गोष्टी घरात सर्वांनी मिळून पाहाव्यात :

• पैसे मागितले की थांबावे. स्पर्धा परीक्षेचे शुल्क जाहिरातीत छापलेले असते आणि ते अधिकृत संकेतस्थळावर भरले जाते. कोणा व्यक्तीच्या खात्यात किंवा फोन नंबरवर नाही.

• ई-मेलचा पत्ता शेवटाकडून वाचावा. मोठ्या कंपनीचे पत्र तिच्या स्वतःच्या पत्त्यावरून येते. जीमेलसारख्या फुकट पत्त्यावरून आले असेल, किंवा कंपनीच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे असेल, तर संशय घ्यावा.

• पत्रावर दिलेल्या नंबरवर फोन करून खात्री होत नाही. तो ठगाचाच असतो. कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरचा नंबर स्वतः शोधून विचारावे.

• रेल्वेची भरती रेल्वे भरती मंडळे आणि रेल्वे भरती कक्ष यांच्या जाहीर सूचनेने होते. जी जाहिरात कुठेच प्रसिद्ध नाही, ती जागाही नाही.

• "आजच भरा, नाहीतर जागा जाईल" आणि "कोणाले सांगू नका" ही दोन वाक्ये एकत्र आली की तिसऱ्याची वाट पाहू नये.

• मूळ गुणपत्रिका, कोरा सही केलेला धनादेश, ओटीपी कोणालाही देऊ नये. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

• परदेशी नोकरीसाठी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असलेलाच एजंट हवा. त्याची नोंद केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. त्याला घेता येणाऱ्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक कर अशी ठरलेली आहे आणि पावती देणे त्याला बंधनकारक आहे. "आधी टुरिस्ट व्हिसावर चला, मग बघू" म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये.

५. विवेकाचा प्रश्न

येथे एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. सरकारी नोकरीसाठी दलालाला पैसे देणारा नेहमीच निरागस नसतो. मागच्या दाराने जागा मिळावी, दुसऱ्या पात्र मुलाच्या आधी आपला मुलगा लागावा, ही इच्छा त्या नोटांबरोबर दिली जाते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सिमोन जादूगार पवित्र आत्म्याचे दान पैशाने विकत घ्यायला निघतो, तेव्हा पेत्र त्याला खडसावतो आणि पश्चात्ताप करायला सांगतो. २०२१ च्या डिसेंबरमध्ये पेपरफुटीमुळे म्हाडाची भरती परीक्षा आयत्या वेळी रद्द झाली, तेव्हा रात्रंदिवस अभ्यास केलेल्या हजारो मुलांचे नुकसान झाले. जमीन गहाण टाकून दलालाला पैसे देण्याआधी त्या मुलांचे तोंड डोळ्यांपुढे आणावे. २०१८ पासून लाच देणे हाही थेट गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो.

६. पैसे गेलेच तर

वेळ घालवू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी ते गोठवता येण्याची शक्यता असते. आपल्या बँकेला कळवावे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. निरोप, पावत्या, नंबर काही पुसून टाकू नये. तोच पुरावा आहे. "पैसे परत मिळवून देतो" म्हणून नंतर फोन करणारा बहुधा त्याच टोळीतला असतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाला रागावू नये. फसलेला तरुण पैशापेक्षा लाजेने अधिक खचतो. "शिकलेला असून फसला कसा?" हे वाक्य आपल्या तोंडून येता कामा नये. चूक ठगाची आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणात सातव्या आज्ञेखाली चोरीबरोबरच व्यवहारातली लबाडीही मोडते.

७. आपले कर्तव्य

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकातून कामगाराच्या न्याय्य वेतनाचा हक्क मांडला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली कामामुळे माणसाची प्रतिष्ठा कशी प्रकट होते हे शिकवले. तेव्हा तरुणांना काम शोधायला मदत करणे हेही आपल्या ख्रिस्ती जीवनाचे अंग आहे. नोकरदारांनी खऱ्या जाहिराती चर्चच्या सूचना फलकावर लावाव्यात. शिक्षक, बँकेतले आणि पोलिसांतले आपले बांधव यांनी नेमणूकपत्रे वाचून द्यावीत. अमरावतीचे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आणि राज्याचे महास्वयम संकेतस्थळ येथे नोंदणीला पैसे लागत नाहीत. चौकात उभ्या असलेल्याला आपण वेळीच हाक मारली, तर ठगाच्या हाकेला तो सहसा ओ देणार नाही.

दरवर्षी ८ फेब्रुवारीला, संत जोसेफिन बखिता यांच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा मानवी व्यापाराविरुद्ध प्रार्थना करते. बालपणी पळवून विकली गेलेली ही सुदानी कन्या २००० साली संत म्हणून घोषित झाली. म्यानमारच्या छावण्यांत अडकलेल्यांनाही त्या प्रार्थनेत आठवू या.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या घरातला तरुण आलेले नेमणूकपत्र आपल्याला मोकळेपणाने दाखवतो का? नसेल, तर का?

२. "कितीही पैसे लागू दे, पण सरकारी नोकरी लागली पाहिजे," असे आपण कधी म्हटले आहे का?

३. आपल्या शेजारी या वर्षी पदवीधर झालेला कोण आहे? त्याच्यासाठी आपण या आठवड्यात काय करू शकतो?

प्रार्थना

हे प्रभू, तू स्वतः नाझरेथला सुताराच्या घरी राहिलास आणि हातांनी कष्ट केलेस. काम शोधणाऱ्या आमच्या मुला-मुलींना धीर दे आणि खरे-खोटे पारखण्याची बुद्धी दे. जे फसले त्यांना सावर, जे फसवतात त्यांचे मन पालट. त्यांना आधार द्यायला आमची घरे उघडी ठेव. आमेन.