समुद्रतळाचे मापन आणि किनाऱ्यातील बदल

वणी परिसरातील एखाद्या जुन्या विहिरीची खोली दोघांनी मोजली, तर दोन उत्तरे येऊ शकतात. एकाने दोरी कठड्यापासून मोजलेली असते, दुसऱ्याने जमिनीपासून. विहीर तीच, आधारपातळी वेगळी. समुद्र येथून बराच दूर आहे. परंतु समुद्रतळाचे नकाशे ताडून पाहताना पहिली अडचण हीच येते.

सागरी नकाशातील खोली ओहोटीच्या जवळजवळ नीचतम पातळीपासून मोजतात, तर जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी काही मीटर चढते-उतरते. मोजणीच्या क्षणीची पातळी नीट नोंदवली नसेल, तर पुढची सारी आकडेमोड व्यर्थ ठरते.

पूर्वी शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून खोली वावांत मोजत. दोन मोजण्यांमधला तळ कोणी पाहिलेलाच नसे. आजचे बहुशलाका ध्वनियंत्र तळाचा सलग पट्टा टिपते. म्हणून नव्या नकाशात अचानक दिसणारा वाळूचा उंचवटा नवा असेलच असे नाही. तो कदाचित जुन्या दोऱ्यांच्या मधोमध पूर्वीपासूनच असेल.

अचूकतेलाही मर्यादा आहेत. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या एस-४४ मानकातील प्रथम श्रेणीत १० मीटर खोलीवर सुमारे अर्ध्या मीटरची अनिश्चितता ग्राह्य धरतात. अशा दोन सर्वेक्षणांची वजाबाकी केली, की ती सुमारे ०.७ मीटर होते. एक चौरस किलोमीटरवर तळ केवळ ३० सेंटिमीटर खचलेला दिसला, तरी हिशेबात ३ लाख घनमीटर वाळू नाहीशी होते! यादृच्छिक चुका असंख्य बिंदूंच्या सरासरीत बऱ्याच अंशी विरतात. आधारपातळीची चूक मात्र प्रत्येक बिंदूवर तशीच राहते.

राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राच्या १९९० ते २०१८ या काळाच्या अभ्यासानुसार भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भागाची धूप होत आहे. उपग्रहचित्रांत किनारारेषा दिसते. वाळू गेली कोठे, हे तळाच्या मोजणीशिवाय कळत नाही. कोकणात पावसाळी लाटा पुळणीवरील वाळू आत ओढतात आणि तिचा बराचसा भाग हिवाळ्यात परततो. हा फेरा न ओळखता धूपप्रतिबंधक बंधारा बांधला, तर खर्च होतोच, शिवाय शेजारच्या गावाची पुळण खचू शकते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : एका किनाऱ्यालगत एका वर्षी मे महिन्यात व पुढील वर्षी सप्टेंबरमध्ये मोजणी झाली. खोली ४० सेंटिमीटरने वाढलेली दिसते. धूप झाली असे लिहिण्यापूर्वी सर्वेक्षकाकडे कोणती माहिती मागाल?