ओहिया वृक्ष, ड्रोन आणि आपले ऊस बेणे



ड्रोनने उसावर फवारणी होते हे आता आपल्याला नवीन राहिलेले नाही. हेच यंत्र एका मरणाऱ्या जंगलाच्या कामी कसे आले आणि त्यातून आपण काय शिकावे, ते या पाठात पाहू.

हवाई बेटांवर शंभर वर्षांहून अधिक काळ उसाची मोठी शेती होती. तिथला शेवटचा साखर कारखाना 2016 साली बंद झाला. तिथल्या डोंगरांवर ओहिया नावाचा वृक्ष आहे. पावसाचे पाणी धरून जमिनीत मुरवण्याचे काम त्याचे. मोकाट गुरांनी डोंगर उघडे पडू लागले, तेव्हा पाण्याच्या काळजीने ऊस बागाईतदारांनीच वनरक्षणाचा आग्रह धरला व 1903 साली तसा कायदा झाला. पैनगंगेकाठच्या देऊळघाटकरांना हे वेगळे सांगायला नको. जंगल गेले की विहिरीचे पाणीही जाते.

या ओहियावर 2014 साली एक नवा बुरशीरोग ओळखला गेला. बुरशी सालीच्या जखमेतून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. हिरवेगार दिसणारे झाड काही आठवड्यांत वाळते. अशी लाखो झाडे गेली.

जंगल दाट, पायाखाली लाव्ह्याचा खडक. माणूस कुठे कुठे फिरणार? म्हणून ड्रोनने वरून फोटो घेऊन वाळलेले शेंडे नकाशावर टिपतात. पण वाळलेले प्रत्येक झाड याच रोगाचे असते असे नाही. त्यासाठी हिलोच्या विद्यापीठाने स्वित्झर्लंडच्या तंत्रज्ञांबरोबर ड्रोनला करवत जोडली. ती उंचावरची फांदी कापून तपासणीला आणते.

मात्र ड्रोन रोग दाखवतो, बरा करीत नाही. जंगलात रोगावर औषध नाही. जिथे कुंपण घालून डुकरे व गुरे बाहेर ठेवली तिथे सालीला जखमा कमी, म्हणून रोगही कमी. बूट व हत्यारे स्वच्छ करणे, रोगट लाकूड न हलवणे, बी जतन करणे आणि रोगाला दाद न देणारी झाडे शोधणे, ही कामे माणसालाच करावी लागतात.

आता आपल्याकडे वळू. उसाच्या बेण्याचा अननस रोग याच बुरशीच्या कुळातला. टिपरीची कापलेली दोन्ही टोके म्हणजे उघड्या जखमाच. बुरशी तिथून शिरते, टिपरी आतून लाल व पुढे काळी पडते, अननसासारखा वास येतो आणि डोळे फुटत नाहीत. मग नांग्या भरत बसावे लागते. तेव्हा लक्षात ठेवावे :

1) बेणे निरोगी मळ्यातलेच घ्यावे.
2) कोयता धारदार व स्वच्छ असावा, टिपरी चिरू नये.
3) 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डॅझिम मिसळून टिपऱ्या 10 मिनिटे बुडवाव्यात. हातमोजे घालावेत.
4) लागणीत पाणी साचू देऊ नये.
5) बांधावरच्या झाडाच्या बुंध्यावर विनाकारण कुऱ्हाड चालवू नये.

ओहियाला बेणेप्रक्रिया करता येत नाही. आपल्या टिपरीला येते. दहा मिनिटांचा आळस करू नये.