सायकल आधी की स्वार आधी?

समोरून वारा असला की सायकल मारताना तुम्ही आपोआप हँडलवर वाकता. ट्रायथलॉनच्या सायकलीची सारी रचना या वाकण्याभोवती झाली आहे.

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे यांची लागोपाठ शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. १९७८ साली हवाई बेटांवर सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन’ शर्यतीत सुमारे ३.८ किलोमीटर पोहायचे, १८० किलोमीटर सायकल चालवायची आणि वर ४२.२ किलोमीटर धावायचे! दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवण्यास तेथे मनाई असते.

आता हवेचा विरोध मोजू या.

विरोध = ½ × हवेची घनता × क × वेगाचा वर्ग

‘क’ म्हणजे स्वार व सायकल यांचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ गुणिले आकाराचा गुणांक. ताठ बसलेल्या स्वारासाठी तो सुमारे ०.४ चौरस मीटर धरा. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम आणि वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. विरोध येतो २४ न्यूटन आणि त्यासाठी लागणारी शक्ती २४० वॉट. यातला ढोबळमानाने पाऊण हिस्सा स्वाराच्या शरीराचा. सायकलीच्या वाट्याला उरले ६ न्यूटन. नळ्या चपट्या करून तिचा विरोध एक दशांशाने घटवला, तरी वाचणार फक्त ०.६ न्यूटन. उलट स्वाराने हँडलवर कोपरे टेकून पाठ आडवी केली, तर ‘क’ ०.२५ पर्यंत उतरतो. विरोध १५ न्यूटन, शक्ती १५० वॉट!

मग नुसते वाकले की झाले? खुर्चीत बसून छाती मांड्यांजवळ न्या आणि एक गुडघा वर उचला. पोट दबते, श्वास अडतो. धड आणि मांडी यांमधला कोन फार लहान झाला. अशा स्थितीत १८० किलोमीटर गेल्यावर धावणार कसे?

यावरचा तोडगा भूमितीचा आहे, आणि मोठा सुंदर आहे. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीत सीटखालची नळी जमिनीशी सुमारे ७३ अंशांचा कोन करते. समजा, तो ७८ केला. सीट पुढे आली. जणू स्वाराचे सबंध शरीरच पायडलच्या आसाभोवती ५ अंश पुढे फिरवले. धड तेवढे खाली गेले, पण धड-मांडीचा कोन बदलला नाही! म्हणून आधी स्वाराची बैठक ठरवायची आणि तिला साजेशी चौकट निवडायची. कोपरे टेकलेली असताना ब्रेक मात्र हातापासून दूर राहतात. गर्दीच्या रस्त्यावर ही बैठक नकोच.

१९८९ च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. २४.५ किलोमीटरच्या एकट्याच्या दौडीत त्याने ट्रायथलॉनवाल्यांचे हँडल वापरले आणि स्पर्धा ८ सेकंदांनी जिंकली. श्रेय एकट्या हँडलचे नव्हे, हे उघड आहे.

आता तुम्हीच एक गणित करा. वाकलेल्या स्वाराने २४० वॉट शक्ती लावली, तर त्याचा वेग किती होईल? टायरचे घर्षण सोडून द्या. १६०० चे घनमूळ काढावे लागेल.